खुणेची फांदी

नर्सरीत शिरलेलं माणूस आधी फुलांना छान म्हणतं, मग एखाद्या साध्यासुध्या झाडासमोर थांबून विचारतं, "हे कशाला उपयोगी?" झाड बिचारं नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं पिशवीत ताठ उभं असतं.

अशा वेळी डॉक्टरीणबाई उलटाच प्रश्न टाकत. "तुमची अडचण सांगा. झाड मी सांगते."

अडचणी फार तऱ्हेच्या नसतात. शेजारी दिसायला नको असेल त्याला त्या बोगनवेल देत. काटे असल्यामुळे शेजाऱ्यालाही ती ओलांडून स्नेह वाढवावासा वाटत नाही. घरात उजेड कमी आणि मालक विसरभोळा, तर स्नेक प्लांट. त्याला मारायचं म्हणजे वर्षानुवर्षं चिकाटीने दुर्लक्ष करावं लागतं. पोळलं-भाजलं तर कोरफड, खोकल्याला पानओवा. गवती चहा लोक डासांसाठी नेत. त्याने डास जात नाहीत, पण चावताना निदान वास चांगला येतो, हे डॉक्टरीणबाई विकण्याआधीच सांगून टाकत. आणि संध्याकाळी घाईघाईने स्कूटर उभी करून जो पुरुष "फुललेलं काहीही द्या" म्हणे, त्याला त्या काही न विचारता कुंडीतला गुलाब देत. त्या झाडाचा उपयोग घेणाऱ्याला आणि देणारीला, दोघांनाही ठाऊक असे.

एकदा एक गृहस्थ आले. म्हणाले, "कुंपणाला असं काही द्या, की भराभर वाढेल, पण फार वाढणार नाही. पानं झडायला नकोत, पाणी लागायला नको, आणि छाटायची कटकट नको."

"भिंत बांधा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या काही डॉक्टर नव्हत्या, आणि त्यांचे यजमानही डॉक्टर नव्हते. यजमान गुलाबांना डोळे भरत. रानगुलाबाचा चिवट खुंट घ्यायचा, त्याच्या सालीला सुरीने चीर द्यायची, चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीसकट अलगद सोलून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. डोळा धरला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकायचा. मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची. तारुण्यात त्यांनी फाटकावर पाटी लावली होती, 'येथे डोळे भरून मिळतील', आणि ती वाचून एक म्हातारा काठी टेकत येऊन बाकावर बसला आणि मोतीबिंदूचं किती पडेल म्हणून विचारू लागला. पाटी त्याच दिवशी उतरली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ते डॉक्टर, म्हणून या डॉक्टरीणबाई. दवाखान्यावाचून एवढा मान फार थोड्यांना मिळतो.

काम दोघांचं होतं. शेडनेटच्या हिरव्या सावलीत दोघं बुटक्या स्टुलांवर समोरासमोर बसत, मध्ये खुंटाची पिशवी. डॉक्टर चीर देत, डोळा बसवत. बाई पट्टी बांधत. खालून वर, डोळ्याचं टोक तेवढं उघडं ठेवून, शेवटचा वेढा आधीच्या वेढ्याखाली खेचून. बाईंची पट्टी कधी सुटली नाही. पण सुरी त्यांच्या हातात डॉक्टरांनी लग्नानंतर एकदाही दिली नव्हती. एकदा त्यांनी मागितली, तर म्हणाले, "अगं, सुरी एका हाताची असते. तुझ्या हाताला लागली की तुझ्यासारखी कापायला लागेल."

"म्हणजे कशी?"

"दया येऊन."

बाईंनी पुन्हा मागितली नाही. डॉक्टर बोलके होते. झाडांशी तर फारच. कीड लागलेल्या जास्वंदीला ते "हो, अजून बस लाडात" असं म्हणत आणि न फुलणाऱ्या मोगऱ्याला त्याच्या घराण्यावरून बोलत. बायकोशी मात्र कामाचं बोलायची त्यांना सवय नव्हती. समोर बसून इतकी वर्षं बघते आहे, तेव्हा हिला सगळं कळतच असणार, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब बऱ्याच सुखी संसारांचा असतो.

*

शेडच्या मागे, भिंत आणि रस्त्याकडचं तारेचं कुंपण यांच्या कोपऱ्यात, गुलाबी गुलाबाचं एक जुनं झाड होतं. साधी जात. भरपूर फुलणारी, बिनतक्रार, कोणाच्या लक्षात न राहणारी. एका हिवाळ्यात त्या झाडाच्या एकाच फांदीला वेगळंच फूल आलं. बाकी सगळ्या फांद्यांवर तोच गुलाबी रंग, आणि हिच्यावर असा रंग, की त्याला नाव सापडेना. डॉक्टर म्हणाले, जुन्या पत्राच्या कागदासारखा आहे. बाई म्हणाल्या, दुधात चहाचा थेंब पडल्यासारखा, आणि कडेला राखाडी. नर्सरीत पाणी घालणारे म्हातारे गृहस्थ होते, हातात सदा पाइप म्हणून सगळे त्यांना पाऊसराव म्हणत, ते बराच वेळ बघून म्हणाले, "कोमेजलंय की काय?"

"तुम्ही पाणीच घाला," डॉक्टर म्हणाले.

असं क्वचित घडतं. झाडाची एखादी फांदी आपल्याच झाडाला न विचारता वेगळी निघते. तिच्यावरचे डोळे काढून खुंटांवर भरले, तर नवी जात उभी राहते. नाही भरले, तर फांदी मेली की तो रंग जगातून गेला. आयुष्यभर डॉक्टरांनी दुसऱ्यांच्या जातींचे डोळे भरले होते, दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांची रोपं विकली होती. ही त्यांच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत झालेली पहिली गोष्ट. घाई करावी की नाही? त्यांनी केली नाही. गुलाबवाल्यांचा नियम असा, की नवी फांदी तीन हिवाळे नुसती बघायची. कधी कधी ती दुसऱ्याच वर्षी शहाणी होऊन पुन्हा गुलाबी फुलते आणि माणसाचं हसं होतं.

"नवी फांदी आणि नवा जावई," डॉक्टर म्हणत, "तीन वर्षं मत देऊ नये."

त्यांची मुलगी हे ऐकून हसायची. जावयाला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या तीन वर्षांत डॉक्टरांना एकच भीती होती, चोरांची. नर्सरीतले चोर रात्री भिंत चढून येत नाहीत. ते दिवसा येतात, चांगल्या कपड्यांत, "नुसतं बघायला", आणि त्यांच्या पर्समध्ये नखं कापायची कात्री असते. चोरून आणलेली फांदी हमखास जगते, असा सुशिक्षित समाजात दृढ समज आहे. डॉक्टर नव्या फांदीवरची कळी पुरती उमलू देत, कधीमधी बाईंना बोलावून दाखवत, आणि लगेच फूल खुडून घरात पेल्यात ठेवत. बाहेर कुणाला कळता कामा नये. बाई ते फूल स्वयंपाकघराच्या खिडकीत बघत. एरवी शेडमागे जायचं काम डॉक्टरांचं होतं.

तिसरा हिवाळा सरला. रंग तसाच राहिला. डॉक्टरांनी झाड गुडघ्याएवढं छाटलं. आता नवे जोमदार धुमारे येतील, त्यांवरचे डोळे भरायचे. खुंटांच्या पिशव्या तयार होत्या. त्यांनी जातीचं नावही योजलं असावं, पण ते बोलले नाहीत. आणि एका सकाळी सुरीला धार लावता लावता ते स्टुलावरून उजव्या बाजूला कलंडले. पाऊसरावांना वाटलं, काही शोधताहेत.

*

उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणताना दोनचार शब्द परत आले होते, तेही कुठल्या क्रमाने येतील याचा भरवसा नव्हता. दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं, "यांचं हो आणि नाही यांची अदलाबदल होते. पाणी हवं असलं तरी नाही म्हणतील. शब्दांवर जाऊ नका. चेहऱ्याकडे बघा."

बाईंनी हे नीट लक्षात ठेवलं. पाणी हवं का? "नाही." दिलं, तर घटाघटा प्याले. उशी काढू? "हो." काढली, तर डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा खऱ्या डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं.

घरी आल्यावर बाई आधी शेडमागे गेल्या. गुलाबाला धुमारे फुटले होते, पण दोन फांद्यांचे शेंडे काळे पडायला लागले होते. हा रोग बाईंनी पुष्कळ पाहिला होता. शेंड्यापासून काळं खाली उतरत येतं, आणि बुंध्याला पोचलं की संपलं. बाई नव्हत्या त्या काळात पाऊसरावांनी दुःखाच्या भरात झाडाला वाजवीपेक्षा जास्त पाणी घातलं होतं. त्यांना दुःख व्यक्त करायचं दुसरं साधन नव्हतं.

झाड कळ्यांवर येईपर्यंत थांबायची सोय उरली नाही. डोळे आत्ताच काढायला हवे होते, फुलं न बघता. आणि छाटलेल्या झाडावर सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात; रंग फुलात असतो, पानात नसतो.

पण खूण होती. रस्त्याकडच्या एका फांदीच्या बुंध्याशी प्लास्टिकची पट्टी बांधलेली होती. गाठ डॉक्टरांची. बांधण्यात त्यांचा हात कच्चा, म्हणून बाईंना ती लांबूनच ओळखू आली.

बाई पट्टीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना आठवत होतं ते वेगळं. ज्या दोनचार वेळा डॉक्टरांनी फूल दाखवायला हाक मारली होती, तेव्हा त्यांचा पदर भिंतीच्या खडबडीत गिलाव्याला अडकला होता. म्हणजे भिंतीकडची फांदी. पण पट्टी रस्त्याकडे होती. तीन वर्षं रोज बघणारा माणूस चुकेल, की दोनचार वेळा डोकावलेली बाई? दोन्ही फांद्यांचे डोळे भरून ठेवावेत, असंही क्षणभर मनात आलं. मग वाटलं, ते आडवे पडले आणि आपण त्यांचं काम तपासायला लागलो. त्यांनी पट्टीची फांदी कापली. भिंतीकडची तशीच राहिली.

डॉक्टरांना दिसावं म्हणून त्यांनी खाटेजवळ स्टूल ओढलं, खुंटांच्या पिशव्या जुन्या वर्तमानपत्रावर मांडल्या आणि ती सुरी काढली. फांदी डॉक्टरांच्या तोंडासमोर धरून म्हणाल्या, "ही बघा. तुमची पट्टीवाली. झाड काही टिकत नाही, म्हणून आजच भरते. मी भरते. रागावू नका."

डॉक्टर फांदीकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू ताणली गेली. "नाही," ते म्हणाले.

"बरं."

"नाही. नाही. नाही."

"हो, हो. म्हणजे हो म्हणताय, ते कळलं मला."

डॉक्टरांनी डावा हात उचलला आणि गादीवर आपटला. पुन्हा आपटला. मग तो हात बाहेर काढून त्यांनी जवळची पिशवी ढकलून दिली; माती वर्तमानपत्रावर सांडली. बाईंनी ती ओंजळीने भरून पिशवी पुन्हा उभी केली. चेहऱ्याकडे बघा, असं सांगितलं होतं. त्यांनी चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना त्यात जन्मभराची ओळखीची गोष्ट दिसली. सुरी त्यांच्या हातात आहे, हे डॉक्टरांना सोसत नव्हतं.

"अजूनही?" बाई म्हणाल्या. त्यांना हसूही आलं आणि लागलंही. "आता तरी राहू द्या की माझ्याकडे. दया नाही येऊ देत, जा."

डॉक्टर "ति... ति..." असं काहीतरी म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले. खिडकीतून शेड दिसत होती आणि तिच्यामागच्या भिंतीचा वरचा कोपरा. बाईंना वाटलं, उजेड डोळ्यांवर येतोय. त्यांनी पडदा ओढला.

मग डॉक्टर गप्प झाले. बाईंचे पहिले डोळे वाया गेले. साल फाटली, एकाचा कोंबच गळला. पुढे हात बसत गेला. चीर सरळ यायला लागली, डोळा गुळगुळीत सरकायला लागला. आता कापणारीही त्याच आणि बांधणारीही त्याच होत्या, त्यामुळे समोर कुणी नव्हतं. पण खाटेवरून डॉक्टर बघत होते, आणि हळूहळू ते झाडाच्या फांदीकडे बघायचं सोडून बाईंच्या हाताकडे, मग बाईंच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटची पट्टी आवळून बाईंनी मान वर केली. लग्नातही नव्हती इतकी ती मान ताठ होती.

"छान," डॉक्टर म्हणाले. शब्द स्वच्छ आला.

बाई दाराआड जाऊन रडल्या. असं प्रशस्तिपत्रक त्यांना या नर्सरीत आजवर मिळालं नव्हतं.

*

जुनं झाड त्यानंतरही काही आठवडे तग धरून होतं. भिंतीकडची फांदी तर बरीच हिरवी होती. मग तिचाही शेंडा काळा पडला, आणि एका दुपारी पाऊसरावांनी बुंधा हलवला तर तो हातात आला. बाईंना वाईट वाटलं, पण मनापासून नाही. डोळे धरले होते. पिशव्यांमध्ये लाल कोंब आले होते, खडूसारखे आखूड, तकाकीचे.

रोज सकाळी त्या डॉक्टरांना बातमी देत. आज पान सुटलं. आज दुसरं सुटलं. एकाला मावा लागला होता, साबणाच्या पाण्याने पुसला. पूर्वी डॉक्टर बोलत आणि त्या ऐकत; आता त्या बोलत आणि डॉक्टर ऐकत. इतकं बोलायला आपल्याकडे होतं, हे त्यांनाही नवीन होतं. गिऱ्हाइकांशी त्यांचा सूर बदलला. एका बाईंना कुंडीतलं झाड हवं होतं, नवऱ्याच्या आजारपणात घर प्रसन्न दिसावं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तिला क्रोटन दिलं, वर लिलीचा कंद फुकट दिला आणि म्हणाल्या, "रोज काय झालं ते त्यांना सांगायचं. झाड कुठलंही चालेल. सांगायला काहीतरी घडत राहिलं पाहिजे."

मुलगी रविवारी आली. आई पिशव्यांबद्दल सांगत असताना ती वडिलांची नखं कापत बसली होती. आई स्वयंपाकघरात गेली, तशी तीही मागोमाग गेली.

"आई, तू झाडांचं सांगतेस ना, तेव्हा बाबांकडे बघतेस का?"

"बघते की. किती खुशीत असतात."

"ते तुझ्याकडे बघत असतात. झाडांचं काही ऐकत नाहीत."

"मग कुणाकडे बघायचं त्यांनी? भिंतीकडे?" आई म्हणाली आणि भांडी आवरायला लागली. मुलीने ओली भांडी पुसायला घेतली. तिला झाडांतलं काही कळत नव्हतं, असं घरात सगळ्यांचं मत होतं, तिचंसुद्धा.

पहिली कळी आली ती नजरेतून सुटावी इतकी लहान होती. बाईंनी ती डॉक्टरांना सांगितली तेव्हा डॉक्टरांनी डावा हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बाईंना कामं होती, पण त्या तशाच बसल्या.

कळी फुगली. हिरवं आवरण चिरलं. आत रंगाची रेघ दिसली, ती गडद होती. कळीत रंग गडदच असतो, बाईंनी स्वतःला सांगितलं; उमलल्यावर उतरतो. दुसऱ्या दिवशी फूल अर्धं उघडलं. त्यानंतरच्या सकाळी ते पूर्ण उमललेलं होतं. दव, वास, पाकळ्यांची ठेवण, सगळं उत्तम होतं. रंग गुलाबी होता.

एखादा डोळा चुकून वेगळा निघतो. त्यांनी दुसऱ्या पिशवीकडे पाहिलं. मग रोज पाहत राहिल्या. पिशव्या एकीमागून एक उमलत गेल्या. सगळ्या टवटवीत, सगळ्या गुलाबी. त्या दिवसांत त्यांनी खाटेजवळ जाऊन "अजून नाही" एवढंच सांगितलं. खोटं बोलायची सवय नव्हती, पण जमलं.

पाऊसराव पाइप गुंडाळत आले आणि फुलांपाशी थांबले. "ही वाढली मस्त," ते म्हणाले. "ही तर साधीच ना? डॉक्टरांच्या फांदीची कुठं ठेवलीत?"

"हीच ती."

"ही कशी असेल?"

"पट्टीच्या फांदीची आहेत, पाऊसराव. त्यांनीच बांधलेली पट्टी. रस्त्याकडची."

पाऊसरावांनी पाइप खाली ठेवला. "बाई," ते म्हणाले, "ती पट्टी चोरांसाठी होती."

बाईंनी एक फूल उलटसुलट करून पाहिलं, तेव्हा पाऊसरावांना बोलावंच लागलं. "कुणाला पत्ता लागला आणि डोळे न्यायला आलं, तर साध्या फांदीचे नेईल, म्हणून उलटी बांधली. हसत होते बांधताना. म्हणाले, नेऊन भरू दे लेकाच्याला, वर्षभर पाणी घालू दे, आणि मग फुलू दे गुलाबी. खरी भिंतीकडची होती."

"तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"मी तिथं पाणी घालत होतो म्हणून. तुम्हाला... मला वाटलं, तुम्हाला तर माहीतच असणार."

*

बाई त्या दिवशी गिऱ्हाइकं येऊनही स्टुलावरून उठल्या नाहीत. कोणी विचारलं, "हे कशाला उपयोगी?" तर त्यांनी त्या झाडाकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "माहीत नाही." गिऱ्हाईक निघून गेलं.

फांदी चुकली, रंग गेला, हे एक दुःख होतं आणि ते त्यांना उचलता आलं असतं. धंद्यात झाडं मरतात. त्यांच्यापुढून हलेना ते वेगळंच: तो गादीवर आपटणारा हात. नाही, नाही, नाही. इतकं सरळ, इतकं बिनचूक बोलणं दुखण्यानंतर डॉक्टरांच्या तोंडून दुसरं निघालंच नव्हतं. त्यांनी पिशवी ढकलली, खिडकीबाहेर भिंतीकडे बघितलं, 'तिकडे' म्हणायला तोंड उघडलं, आणि आपण पडदा ओढला. भिंतीकडची फांदी तेव्हा हिरवी होती. चपला घालायचीही गरज नव्हती. उठून, शेड ओलांडून, कापून आणता आली असती.

आणि मग दुसरी गोष्ट हळूहळू उमगत गेली, ती पहिलीपेक्षा वाईट. डॉक्टरांना माहीत होतं. पहिल्या चिरेपासून माहीत होतं. सांगता येत नाही हे कळल्यावर त्यांनी सांगायचं सोडून दिलं आणि बायको सुरी कशी धरते ते बघत राहिले. त्या 'छान'मध्ये गुलाब नव्हताच. त्यानंतर रोज सकाळी आपण पानापानाची बातमी दिली, आणि त्या माणसाने ती ऐकून घेतली. आपल्या गेलेल्या गोष्टीची, आपल्याच बायकोच्या उत्साहाने सांगितलेली. कळी आल्याचं सांगितलं त्या दिवशी मनगट धरलं होतं, ते आनंदाने नव्हे.

आत जाऊन "कळलं मला" म्हणावं, असं त्यांना वाटलं. त्या दारापर्यंत गेल्याही. डॉक्टर जागे होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि चेहऱ्याची जी अर्धी बाजू हलत होती तिच्यावर तयारी दिसली, जशी मुलाचा नापासाचा निकाल आधीच कळलेल्या बापाच्या चेहऱ्यावर मूल घरी येताना असते. इतके महिने ते या दिवसाची वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणून जे त्यांच्या हातात होतं ते करत होते, म्हणजे गप्प बसत होते. त्यांच्याकडे उरलेलं काम तेवढंच होतं. कळलं असं सांगितलं, की तेही गेलं.

"अजून नाही उमललं," बाई दारातून म्हणाल्या. "यंदा थंडी कमी आहे ना. वेळ लागेल."

डॉक्टरांची मान उशीवर सैल पडली. "हं," ते म्हणाले.

बाई शेडमध्ये परत गेल्या आणि त्यांनी सगळी फुलं खुडली. मुलगी येईल, बाबांना खुर्चीत बसवून खिडकीशी आणेल, लांबून गुलाबी काही दिसायला नको. मग कळ्याही खुडल्या. मोठ्या, लहान, हाताला लागतील तशा, अंगठ्याच्या नखाने. गुलाबाच्या कळ्या खुडल्या की झाड गप्प बसत नाही. पुढच्या पानाच्या बगलेतून दुसरी काढतं, अधिकच जोमाने. त्यामुळे हे काम रोजचं झालं.

"विकून टाका की," पाऊसराव एकदा म्हणाले. "झाडं चांगली आहेत. लोक नेतील."

"विकली, तर त्यांना रोज काय सांगू?"

पाऊसराव पाणी घालायला निघून गेले. त्या पिशव्यांना ते आता मोजकंच पाणी घालत, कारण त्यांना त्या झाडांकडे बघवत नसे. झाडांना ते मानवलं.

दिवस उजाडला की बाई टोपली घेऊन पिशव्यांमधून फिरतात. रंग दिसायच्या आत कळी गेली पाहिजे, आणि तो कधी दिसतो हे त्यांच्याइतकं आता कुणालाच ठाऊक नाही. टोपलीतल्या कळ्या त्या खताच्या खड्ड्यात टाकतात, हात धुतात, चहा घेऊन आत जातात. डॉक्टर त्यांच्या बोटांकडे बघतात. काट्यांनी ओरखडलेली, हिरवट डागांची ती बोटं कशाची आहेत, हे जन्मभर गुलाबात काढलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. बाई कप त्यांच्या तोंडाच्या चालत्या बाजूला लावतात.

"अजून थोडे दिवस," त्या म्हणतात.

"हो," डॉक्टर म्हणतात, आणि चहा हनुवटीवर ओघळू न देता पिण्याचा प्रयत्न करतात.